वचनपेटी आणि आईच्या पोटातला गोळा

आमच्या घरात मोठे निर्णय घेणारी एकच वस्तू होती आणि ती रेडिओवर ठेवलेली असायची. वीतभर लांबीची, पितळी कडीची, लाकडी वचनपेटी. ज्यांनी अशी पेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, निवडक वचनं कागदाच्या पट्ट्यांवर लिहायची, प्रत्येक पट्टीची विडीएवढी बारीक गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळ्या पेटीत दाटीवाटीनं उभ्या करून ठेवायच्या. सकाळच्या प्रार्थनेनंतर घरातल्या प्रत्येकानं डोळे मिटून चिमट्यानं एकेक उचलायची, मोठ्यानं वाचायची, दिवसभर मनात घोळवायची आणि पुन्हा गुंडाळून जागेवर ठेवायची. पुष्कळ ख्रिस्ती घरांत अशी पेटी असते आणि तिथं ती बिचारी एवढंच काम करते. आमच्याकडं मात्र बाबांनी तिला बढती दिली होती. तिच्याशिवाय आमच्या घरात पानसुद्धा हलत नसे.

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. सहा दिवस ते लोकांच्या पेट्या-गाठोड्यांवर कुठून कुठं जायचं ते बिनचूक लिहायचे, पण आपण कुठं जायचं हे ठरवायची वेळ आली की त्यांचं अवसान गळायचं. मग पेटी. घराला रंग कोणता द्यायचा, पेटी. शमूला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, कोणत्या शाळेत घालायचं, पेटी. एकदा स्कूटर घ्यायचं चाललं होतं. आई हरखून गेली होती आणि मी तर मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. बाबांनी गुंडाळी काढली तर नेमकं रथ आणि घोड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांबद्दलचं वचन. झालं, स्कूटर गेली! त्यानंतर कितीतरी उन्हाळे बाबा डोक्याला दुपट्टा बांधून आमच्या नंदनवन वस्तीपासून स्टेशनपर्यंत सायकल हाणत राहिले, आणि घामाघूम होऊन घरी आले की म्हणायचे, "परमेश्वरानं तब्येत कशी ठणठणीत ठेवली, पाहा." परमेश्वराला स्कूटरबद्दल काही मत असेल असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. पण पेटीचा नियम कडक होता. एका बाबतीत एकदाच काढायचं. दुसऱ्यांदा चिमटा घालणं म्हणजे देवाला 'जरा नीट सांगा' असं म्हणणं, आणि ते पाप.

नंदनवनातलं आमचं घर दोन खोल्यांचं होतं आणि त्यात आवाज मात्र चार खोल्यांचे. आईचं शिलाई मशीन सकाळपासून खडखडायचं. ती आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज शिवायची आणि तोंडात टाचण्या धरून शमूला पाढे म्हणायला लावायची. एप्रिल लागला की खिडकीतला कूलर सुरू व्हायचा आणि त्याच्या घरघरीपुढं कोणाचं काही चालायचं नाही. संध्याकाळची प्रार्थना या कूलरशी झुंजत व्हायची. तो बंद केला तर उकडून मरायचं, चालू ठेवला तर बाबांना ओरडून प्रार्थना करावी लागायची. त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या अडचणी शेजारच्या मेश्रामकाकूंना पाठ होत्या. काकू बौद्ध, बोलायला फटकळ आणि आईच्या जिवाभावाच्या. त्या भिंतीवरून विचारायच्या, "काहून वं सगुणा, तुमच्या देवाले कमी ऐकू येते काय?" आई हसायची आणि त्यांच्याकडं वाटीभर अंबाडीची भाजी सरकवायची. वाटी परत यायची ती कधी रिकामी नसायची.

रविवारी मात्र बाबांचा अवतार पालटायचा. पांढरा शर्ट, केसांना तेल, खिशात घडीचा रुमाल. ते आमच्या लहानशा चर्चच्या संडेस्कूलचे सुपरिंटेंडेंट होते. घरी आमच्यासारखंच 'मले-तुले' बोलणारा हा माणूस चर्चची पायरी चढला की छापील मराठी बोलू लागायचा. "प्रिय बालमित्रांनो, जीवनाच्या वादळात आपण कोणाचे अनुसरण केले पाहिजे?" चाळीस पोट्टे सतरंजीवरून ओरडायचे, "येशूचे!" बाबांची शिकवण्याची तऱ्हा प्रश्नोत्तरांची. प्रश्न सोपा, उत्तर ठरलेलं, आणि उत्तर नाही आलं तर 'येशू' म्हटलं तरी चालून जायचं. कधी ते नाटक बसवायचे. खाट म्हणजे होडी, आम्ही तिचे चार पाय धरून गदागदा हलवायचं, वर शिष्य झालेल्या पोरांनी किंचाळायचं आणि येशू झालेल्या पोरानं उशीवर गाढ झोपायचं. "पाहा, वादळातही तो निश्चिंत आहे," बाबा म्हणायचे. मला वाटायचं, त्याची आई होडीत नव्हती म्हणून झोप लागली असेल. असलं बोलायची सोय नव्हती.

त्यांचा सगळ्यात आवडता धडा विश्वासाने चालण्याचा. पोरांचे डोळे रुमालानं बांधायचे आणि बाबांनी पुढं चालत हाका मारायच्या, "माझ्या आवाजामागे या, शंका धरू नका." आवारातल्या कडुलिंबाला वळसा घालून परत यायचं. एकदा विमलकाकूंचा नातू या विश्वासानं चालत थेट नालीत गेला. विमलकाकू म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षीण. बाबांनी नातवाला वर काढता काढता सगळ्यांना समजावलं, "त्याने आवाज सोडला, म्हणून पडला." विमलकाकूंनी त्यावर जे उत्तर दिलं ते संडेस्कूलच्या कोणत्याही धड्यात बसणारं नव्हतं. हे असं हसत लिहिते आहे खरी, पण पुढं मीही वीसेक वर्षं संडेस्कूल शिकवलं. आजही तरुण आईबाप येऊन विचारतात, "मॅडम, काळ इतका अनिश्चित आहे, मुलांना येशूवर भरवसा ठेवायला कसं शिकवायचं?" मी म्हणते, बाबांनो, मला ठाऊक नाही, तुम्ही स्वतः कशाला घाबरता ते आधी मला सांगा. मग ते दुसऱ्या कोणाला तरी विचारायला जातात. शमू आता आजोबा झाला, तरी रोज पहाटे मोबाइलवर गुलाबाच्या फुलांत गुंफलेलं वचन पाठवतो. पेटी गेली, पण घराण्याची सवय जात नाही.

त्या उन्हाळ्यात आई मशीनवर बसल्या बसल्या एक हात ओटीपोटावर ठेवायला लागली. आधी वाटलं ऊन बाधलं, मग वाटलं वांग्याची भाजी बाधली. मग एक दिवस ती ब्लाउजाची बाही अर्धवट सोडून जमिनीवरच आडवी झाली, आणि आईनं शिवण अर्धवट सोडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाबा तिला रामदासपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. मी तेव्हा नववीतून दहावीत गेले होते, शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. बाईंनी तपासलं, पोटाचे फोटो काढायला लावले आणि म्हणाल्या, "पोटात गोळा आहे. मोठा आहे. आठवडाभरात काढून टाकू. कशाचा आहे ते काढल्यावरच कळेल." बाबांनी रुमालानं मान पुसली. "आम्ही प्रार्थना करून सांगतो," ते म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "करा ना. पण लवकर करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पेटी काढली. डोळे मिटले, चिमटा घातला, गुंडाळी उघडली. वचन निघालं स्थिर उभे राहण्याचं. तुम्ही काही करू नका, परमेश्वर काय करतो ते पाहा, अशा अर्थाचं. मी अक्षर पाहिलं तर माझंच. जुन्या पट्ट्या फाटल्या म्हणून वर्षभरापूर्वी बाबांनी त्या सगळ्या माझ्याकडून नव्यानं लिहून घेतल्या होत्या, माझं अक्षर मोत्यासारखं म्हणून. बाबांचा चेहरा एकदम सैल पडला. "थांबायचं हाय," ते म्हणाले. आई चहाच्या कपबशा गोळा करत होती. ती कपबशा घेऊन आत गेली.

मग आम्ही स्थिर उभे राहिलो. आम्ही उभे आणि गोळा वाढून राहिलेला. बातमी पसरली तशी चर्चची मंडळी प्रार्थनेला यायला लागली, आणि आलेल्यांना आईनंच चहा आणि सांभारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, करून घालायच्या, कारण घरात आजारी असली तरी करणारी तीच. विमलकाकू म्हणाल्या, "ऑपरेशनचं नावच काढू नको वं. माहे गुडघे पाहा, नुसत्या विश्वासानं बरे झाले." त्यांचा जावई डॉक्टर होता आणि दर महिन्याला येऊन त्यांच्या गुडघ्यात सुई टोचून जायचा, हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. जावयाला प्रभूनं पाठवलं असं त्यांचं म्हणणं असावं. सगळे आईच्या डोक्यावर हात ठेवून तिच्याविषयी देवाशी बोलायचे, आईशी कोणी बोलत नव्हतं. मी दारात उभी राहून दात-ओठ खायचे. बाबांचा मला इतका राग येत होता की त्यांच्या ताटात पोळी वाढताना ती मी टाकायचे, वाढायचे नाही.

चौथ्या दिवशी सावनेरहून मनोहरमामा आला. आईचा मोठा भाऊ, कोळशाच्या खदानीत कामाला. तो दारातूनच म्हणाला, "काहून गा भाऊजी, चिठ्ठी काढून ऑपरेशन ठरवून राहिले काय?" बाबा म्हणाले, "चिठ्ठी नाही, वचन हाय ते. मनोहर, तुहा विश्वास कमी पडते." मामानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "खदानीत उतरताना मीबी रोज प्रार्थना करतो. पण टोपीवरचा लाइट लावून उतरतो नं बाप्पा! देवानं डॉक्टरीण कशाले पैदा केली मंग?" बाबांचं एकच, "वचन आलं हाय. आता दुसऱ्यांदा काढता येत नाही." मामा मोठ्यानं भांडला, बाबा हळू आवाजात अडून बसले, कूलर घरघरत राहिला आणि आतून मशीनचा आवाज येत होता. शेवटी मामा म्हणाला, "सोमवारी मी गाडी घेऊन येतो. बहिणीले उचलून नेईन, मंग तुमची पेटी मले काय करायची ते करो." बाबा पांढरे पडले. पण ते हलले नाहीत. मला कळून चुकलं की सोमवारी दारात दोघांची मारामारी होणार आणि आई मधल्या मध्ये मरणार.

मग मी ठरवलं. पेटीचंच ऐकायचं आहे ना, ठीक आहे, पेटीला बोलायला लावू. मी सगळी वचनं आठवली. दीडशे पट्ट्या माझ्याच हातच्या. त्यात मेंढपाळ होते, गरुड होते, खडक आणि दुर्ग होते, पण दवाखान्यात जा म्हणणारं एकही नव्हतं. ते मी शुभवर्तमानात शोधलं. वैद्याची गरज धडधाकटाला नसते, दुखणाइताला असते, असं खुद्द येशू म्हणालेला. वा रे वा, म्हटलं, प्रभू, तुम्ही स्वतःच हे बोलून ठेवलंय आणि या पेटीत ते घालायचं कोणाला सुचलं नाही! आता ही एक पट्टी पेटीत टाकून भागणार नव्हतं. गणितात मी कच्ची होते, तरी दीडशेत एक म्हणजे काय ते मला कळत होतं. शनिवारी दुपारी बाबा ड्यूटीवर, शमू मेश्रामकाकूंकडं, आई औषध घेऊन पडलेली. वहीची पानं फाडली, पट्ट्या कापल्या आणि तेच एक वचन लिहीत सुटले. बोटं आखडली, घाम कागदावर टपकला. जुन्या गुंडाळ्या उशीच्या अभ्र्यात कोंबल्या आणि नव्या पेटीत उभ्या केल्या. पाप करते आहे असं वाटलं का? वाटलं. पण भीती पापापेक्षा मोठी होती, त्यामुळे मी लिहीत राहिले.

रविवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर मी अगदी साळसूद चेहऱ्यानं म्हणाले, "बाबा, त्या दिवशी थांबायचं वचन आलं होतं. पण किती थांबायचं ते कुठं आलं? ती वेगळी बाब झाली नं?" असला युक्तिवाद संडेस्कूलमध्येच शिकायला मिळतो. बाबांनी विचार केला. त्यांना तो पटला, किंवा मामाची गाडी डोळ्यांपुढं आली असेल. त्यांनी चिमटा घातला, गुंडाळी उघडली, वाचली आणि वाचता वाचता त्यांचा आवाज चिरकला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "सगुणा, प्रभूनं सोताच्या तोंडानं सांगतलं वं! सोताच्या तोंडानं!" ते मटकन खाली बसले. तेवढ्यात शमूनं आपली गुंडाळी काढायला हात पुढं केला. मी त्याच्या पायावर पाय दिला आणि पेटीची कडी लावली. "आज घराले एकच वचन पुरे," मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडं इतक्या कौतुकानं पाहिलं की मला तोंड कुठं लपवू असं झालं. आई भिंतीला टेकून उभी होती. "मग उद्या जायचं नं?" एवढंच तिनं विचारलं.

सोमवारी मामा भांडायच्या तयारीनं आला तर इथं सगळे तयार होऊन बसलेले. रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात आईला आत घेऊन गेले. मामा औषधं आणायला खाली गेला आणि बाकावर आम्ही दोघंच उरलो, बाबा आणि मी. फिनाइलचा वास, भिंतीवरचं घड्याळ, आणि समोर बंद दार. बाबा आधी प्रसन्न होते. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सलासुद्धा त्यांनी वचनाची गोष्ट सांगितली. एक तास गेला. दार उघडलं नाही. बाबा पाय हलवायला लागले. मग त्यांनी आपली कापडी थैली मांडीवर घेतली आणि तिच्यातून पेटी बाहेर काढली.

पेटी ते बरोबर आणतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! "बाबा, दुसऱ्यांदा काढू नये नं," मी कसंबसं म्हटलं. "हिंमत वाढवासाठी एक काढतो," ते म्हणाले, आणि उघडली. तेच वचन. त्यांचा चेहरा फुलला. "पाह्य, पक्कं केलं परमेश्वरानं." थोड्या वेळानं आणखी एक. तेच. ते जरा थांबले. तिसरी काढली. मग चिमटा बाजूला ठेवून बोटांनीच काढायला लागले, चौथी, सहावी, दहावी, आणि उघडलेल्या पट्ट्या शेंगांच्या टरफलांसारख्या त्यांच्या मांडीवर साचत गेल्या. तिथं, बंद दाराच्या अलीकडं, ज्या वचनाच्या जोरावर त्यांनी बायकोला आत पाठवलं होतं, ते वचन दीडशे वेळा माझ्या मोत्यासारख्या अक्षरात.

"सगळ्याच?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "काहून वं?" "तुम्ही तिले जाऊच देऊन नव्हते राहिले." त्यांचा हात वर गेला. मी डोळे मिटले. मार बसला नाही म्हणून डोळे उघडले, तर तो हात त्यांनी स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला होता. ते बोलले तेव्हा त्या आवाजात छापील काही नव्हतं. "माही माय अशीच गेली. आत नेली, मंग बाहेर आणली ते झाकूनच. मी तवा शमूएवढा होतो. पोरी, मले वचन नव्हतं पाहिजे वं. मले थांबाले बहाणा पाहिजे होता." चाळीस पोरांना भिऊ नका सांगणारा माझा बाप त्या बंद दाराकडं बघायलाही तयार नव्हता. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला रडू आलं. "बाबा, प्रार्थना करा नं," मी म्हणाले, "तुमाले तर येते." "येऊन नाही राहिली," ते म्हणाले, "तूच कर." मी सुरुवात केली, 'प्रभू, माह्या आईले', आणि पुढं एक शब्द सुचेना. मग बाबा म्हणाले, "प्रभू, मले भेव लागून राहिलं." त्यांच्या तोंडून कूलरवर मात करणाऱ्या हजारो प्रार्थना मी ऐकल्या होत्या. ही पहिलीच हळू होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, गोळा निघाला, चांगला मोठ्या संत्र्याएवढा होता, पेशंट ठीक आहे. पुढं तपासणीत तो साधाच निघाला. बाबा बाईंच्या पाया पडायला वाकले, बाई मागं सरल्या, मांडीवरच्या पट्ट्या सगळ्या कॉरिडॉरभर झाल्या आणि त्या मी आणि औषधं घेऊन परतलेल्या मामानं गुडघ्यांवर रांगत गोळा केल्या. "हे काय हाय वं?" मामा विचारत राहिला. मी त्याच्या हातातल्या पट्ट्या घेऊन थैलीत कोंबल्या.

इकडं वस्तीत चमत्काराची द्वाही फिरली होती. विमलकाकू परवापर्यंत ऑपरेशनचं नाव काढू नका म्हणत होत्या, त्या आता म्हणायला लागल्या की वचन येण्यासाठी त्यांनीच उपास धरला होता. चार रविवार गेल्यावर, आई चालती झाली तसं ठरलं की बाबांनी संडेस्कूलमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. पोरांचे आईबापही आले. सतरंजी भरली. आईला टाके ओढत होते म्हणून तिच्यासाठी मागं एक खुर्ची टाकली. बाबा उभे राहिले. "प्रिय बालमित्रांनो," ते म्हणाले, आणि अडकले. रुमाल काढला, परत खिशात घातला. "पोट्टेहो," ते म्हणाले, "चमत्कार-बिमत्कार काही झाला नाही. माह्या पोरीनं सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच वचन लिहून ठेवलं होतं. मी फसलो, कारण मी भेलो होतो. तुमाले दर रविवारी सांगतो येशूच्या मागं चला, अन् मी सोता पेटीच्या मागं लपलो होतो." विमलकाकूंचं तोंड उघडं ते उघडंच. सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मला लाज वाटली हे खरं, पण खोटं कशाला बोलू, आतून मी फुगलेही होते. आईचा जीव कोणी वाचवला ते आता सगळ्या मंडळीला कळलं होतं! मी वेणी पुढं घेऊन ताठ बसले.

"काही प्रश्न?" बाबांनी सवयीनं विचारलं. मागून आवाज आला, "सर, मी विचारू काय?" आई. तिच्या तोंडून 'सर' ऐकून काही पोरं हसली. "विचारा," बाबा म्हणाले.

"गोळा कोणाच्या पोटात होता?"

"तुह्या."

"वचन कोणी काढलं?"

"मी."

"चिठ्ठ्या कोणी बदलल्या?"

बाबांनी माझ्याकडं बोट केलं.

"अन् मले कोणी विचारलं?"

पोरांना प्रश्नाचं उत्तर द्यायची इतकी सवय की सतरंजीवरून एक बारका आवाज आला, "येशूनं." कोणी हसलं नाही. "हो," आई त्याला म्हणाली, "त्यानंच. मशीनवर बसल्या बसल्या त्याच्याशी रोज बोलत होती मी. मी तर पहिल्याच दिवशी जायले तयार होती. भेव मलेही होतं. पण मले वचन नको होतं, चहा पिऊन जाणारी मंडळी नको होती, अन् वं करुणा, तुही हुशारीही नको होती. तुमच्यातल्या एकानं चप्पल घालून म्हणायले पाहिजे होतं, चल, मी येतो संगं. बस, एवढंच."

माझी वेणी माझ्या हातातच राहिली. आठ दिवस मी तिचा जीव वाचवायच्या खटपटीत होते, आणि त्या आठ दिवसांत तिच्याजवळ पाच मिनिटंही बसले नव्हते. बाबांवर दात-ओठ खाताना मला वाटायचं, सगळ्या घरात तिची काळजी मला एकटीला आहे. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे, गुडघ्यांत सुया मीही टोचून घेते, आणि तरी ही चार वाक्यं लिहिताना माझे कान गरम झालेत. बाबा पोरांच्या पुढं उभे होते. "नाही विचारलं," ते म्हणाले, "चुकलं."

"मग चला आता," आई खुर्चीचा हात धरून उठत म्हणाली, "ऊन व्हाच्या आत घरी पोचू." बाबा सतरंजीच्या कडेकडेनं पोरांना ओलांडत दारापर्यंत गेले. संडेस्कूल शेवटच्या प्रार्थनेविना तसंच सोडून त्यांनी चप्पल घातली, भर रस्त्यात सगळ्यांच्या देखत आईचा हात धरला आणि ती जितकी हळू चालत होती तितकेच हळू घरापर्यंत चालत गेले.